टोपीतली काडी

"टाक ती काडी! तिला काय कळतंय?" असं म्हणून आबा कढईवर वाकायचे, डोळे मिटायचे आणि वाफ नाकात भरून घ्यायचे. आम्ही हातातलं काम सोडून त्यांच्या तोंडाकडे बघत उभे. हळद शिजली की नाही, हे आमच्या डोंगरकडा गावात त्यांचं नाक ठरवायचं. बाकी सगळीकडे हळकुंडात काडी टोचून बघतात. अलगद आत गेली की झालं काम. आमच्याकडे कोणी काडी काढली, तर आबा त्याच्या आज्यापणज्यापर्यंत पोचायचे.

"थांब, अजून कच्ची बोलून राहिली," नाहीतर "उपस लौकर, चालली हातातून!" एवढंच बोलणं. कच्ची राहिली तर वाळता वाळत नाही, जास्त शिजली तर रंग जातो. पंचाहत्तरी गाठली तरी हंगामात रोज कुणाचं ना कुणाचं बोलावणं असे. धोतर पिवळं, मिशी पिवळी आणि चाल नवरदेवाची. असा एखादा म्हातारा तुम्हीही पाहिला असेल. वर्षातला एक महिना तो जगतो आणि उरलेले अकरा महिने त्या महिन्याची वाट बघतो.

एका हंगामात सकाळी त्यांच्या घरात दूध करपलं. वास गल्लीच्या टोकाला आला म्हणून मी धावलो, तर आबा चुलीपासून चार हातांवर निवांत बिडी ओढत बसलेले.

"आबा, दूध!"

त्यांनी आधी नाक वर केलं, मग माझ्याकडे बघितलं. "सून कुठं गेली?" एवढंच म्हणाले. मला हसू आलं. बिडीची तंद्री लागली असेल, असं वाटलं.

त्याच हंगामात माझी कढई चढली होती. मी चहा घेऊन मागून गेलो. आबांनी इकडेतिकडे बघितलं, टोपीच्या घडीतून केरसुणीची काडी काढली आणि हळकुंडात टोचली. मग काडी परत टोपीत ठेवून डोळे मिटले, वाफ ओढली आणि ओरडले, "उपसा रे!"

वळले तर समोर मी.

"कवापासून, आबा?"

"दोन वर्षं झाले. आधी बिडीचा वास गेला, मंग भाकरीचा. म्हणलं, हळदीचा तरी राहील." त्यांनी माझं मनगट धरलं. "कुणाला बोलू नगं. कळलं तर मला कोणी कढईपाशी उभं करणार न्हाई. मंग घरात बसून काय करू?"

"न्हाई बोलणार, आबा."

त्या दोन वर्षांत गावात कुणाचीही हळद बिघडली नव्हती, हे इथेच सांगितलेलं बरं.

मी आठ दिवस गप्प राहिलो. मग एका सकाळी चहाच्या टपरीवर चार जण जमले होते. मला नकला करायची वाईट खोड. टोपीतून काडी काढली, टोचली, परत ठेवली, डोळे मिटले. लोक पोट धरून हसले. मागे बघितलं तर आबा. तेही हसले. "बराबर करून राहिला," म्हणाले. चहा पूर्ण प्यायले आणि गेले. त्यांनी मनावर घेतलं नसावं, अशी मी माझी समजूत घातली. ती सोयीची होती.

उरलेल्या हंगामात त्यांना एकाचंही बोलावणं आलं नाही. काडी काय, प्रत्येकाच्या घरात होती.

पुढच्या वर्षी कढई चढवण्याआधी मी त्यांच्याकडे गेलो. आबा ओट्यावर बसले होते. धोतर पांढरंशुभ्र.

"आबा, चला. तुमच्याबिगर कढई चढवत न्हाई."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "नाक म्हातारं झालं, सोडून गेलं. त्याचा राग न्हाई. तू तर तरणा होतास. तू काहून गेलास?"

मी एकटाच परत फिरलो. मी त्यांना दगा दिला, तोही चार माणसांच्या हसण्यासाठी. त्याच पावसाळ्यात आबा गेले.

यंदा कढईला उकळी आली, गडी विचारू लागले, "उपसायची का?" मी वाकलो, डोळे मिटले, वाफ ओढली. वास अगदी खणखणीत आला. कच्ची की शिजलेली, ते मात्र कळेना. शेवटी काडी काढली. टोचण्याआधी मागे कोणी उभं नाही ना, ते बघून घेतलं.