चामटोलस राजाचा सूड

मंडळी, आज मी एका माणसाची भर सभेत लाज काढली आणि मला जराही वाईट वाटत नाहीये.

मुलांसाठी मी जगाच्या इतिहासाच्या गोष्टी लिहून आपल्या बदलापूरच्या ग्रुपवर टाकते. अंबरनाथ पश्चिमेला क्लास चालवणारे एक सर वर्षभर त्याच गोष्टी स्वतःच्या नावाने छापून वाटत होते. फोन केला तर म्हणाले, "मॅडम, इतिहास काय तुमच्या बापाचा आहे का?"

बरं. माझ्या बापाचं गाव चामटोली. त्यावरून मी एक राजा बनवला. ग्रीसचा चामटोलस, ज्याने सिकंदराला वालाचं बिरडं खाऊ घालून दोस्त केलं. गोष्ट ग्रुपवर टाकली आणि गप्प बसले.

आज क्लासच्या कार्यक्रमात सरांनी स्टेजवरून हाच राजा अगदी रंगवून सांगितला. मी उठले. "सर, हे कुठे वाचलंत?"

"जुन्या ग्रीक ग्रंथात. तुम्हाला नाही कळणार."

"कळतंय ना. माझं माहेर चामटोली. हा राजा मीच बनवलाय, घरी वाल सोलता सोलता. बाकी इतिहासाचं माहीत नाही सर, पण एवढा राजा खरंच माझ्या बापाचा आहे!"

अख्खा हॉल खो खो हसला. आत्मा शांत झाला माझा.

बाहेर पडताना त्यांच्या क्लासची एक चिमुरडी आडवी आली. "काकू, मग सिकंदर पण तुम्हीच बनवला का?"

मी "नाही गं" म्हटलं. तिने मान हलवली, पण विश्वास काही ठेवला नाही. तुम्ही असतात तर काय सांगितलं असतंत तिला?