बाहुल्याची वरमाय

ये अशी जवळ, बस. दारात उभी राहून काय हसतेस? कोनाड्यातल्या चिंध्यांच्या बाहुल्याला नवं धोतर नेसवलेलं पाहिलंस आणि मावशीला म्हातारपणी खूळ लागलं म्हणालीस. ऐकलं मी. कान शाबूत आहेत अजून. खूळ माझं नव्हे बाई, माझ्या विहिणीचं. तिच्यासारखी मानापानाची बाई अख्ख्या सोलापुरात दुसरी झाली नाही. कलेक्टराची मडमसुद्धा तिच्यापुढं गरीब गाय वाटावी.

विहीण म्हणजे पोटच्या लेकीकडून मिळालेली नव्हे. आम्ही एका गल्लीतल्या, परकर नेसायच्या वयापासूनच्या मैत्रिणी. तिचा बाहुला, माझी बाहुली. आमच्या दारातल्या लिंबाखाली भर दुपारी त्यांचं लग्न लावलं, जुन्या लुगड्याचा तुकडा अंतरपाट म्हणून धरला. पंगतीला चुरमुरे आणि गूळ. वाढताना मी वरमायेच्या आधी माझ्या धाकट्या बहिणीला वाढलं, झालं! ती पानावरून उठली. "मानाचं लुगडं मिळाल्याबिगर सून न्हेणार न्हाय," म्हणाली, बाहुला काखेत मारला आणि गेली घरी. आदल्या दिवशीपर्यंत मला "ए ठके" म्हणणारी पोरगी त्या दिवसापासून "विहीणबाई, तुमी" म्हणायला लागली ती जन्मभर. बाहुली राहिली माझ्याकडं. माझं लग्न झालं तशी माझ्या पेटीतून माझ्या सासरी आली, पण स्वतःच्या सासरी काही जाईना.

पुढं ती माढ्याला नांदायला गेली आणि थोड्याच दिवसांत पांढरं कपाळ घेऊन परत आली. गिरणीत सुताच्या कांड्या भरायला लागली. एक खोली, एक चूल, पण ताठा तोच. भोंगा झाला की बाकीच्या बाया पदर खोचून पळत सुटायच्या, ही आपली सावकाश. म्हणायची, "बोलवायचं तर नाव घिऊन बोलवावं की. ह्यो नुसताच बोंबलतोय." टांगेवाल्यानं "बसा बाई" म्हटल्याशिवाय टांग्यात पाय ठेवायची नाही, तो विसरला तर स्टेशनापर्यंत चालत जायची, टांगा मागून रिकामा. सणाला मी बोलावलं तर साफ नाही म्हणायची. "मी रांडमुंड बाई, सणासुदीला कशाला?" पण पाडव्याला न चुकता दारात उभी. हातात पत्र्याचा डबा, डब्यात बाहुला. "मी न्हाय आले, विहीणबाई. जावयाला दिवाळसणाला आनलंय." मग जावयाला पाट मांडायचा, उटणं लावायचं, चिंधीचं धोतर द्यायचं. तुझे काका थट्टेखोर, ते हात जोडून विचारायचे, "जावईबापू, करंजी बरी झालीय ना?" जावयापुढचं ताट तीच जेवायची. "अन्न टाकू न्हाय म्हून," असं दर घासाला सांगायची.

अशा बाईवर जीव जडला कुणाचा, तर कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातल्या एका फिटरचा. तिच्या शेजारणीचा भाऊ, बायको वारलेली. ही शेजारी विरजण मागायला गेली तेव्हा तो बाजेवरून उठला आणि म्हणाला, "बसा की बाई." तेवढंच. ती तडक माझ्याकडं आली, कानाच्या पाळ्या लाल. "मानसाला रीत हाय, विहीणबाई." याहून मोठं कौतुक तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. त्यानं पाट लावायचं, म्हणजे पुन्हा लग्नाचं, विचारलं तर म्हणाली, मागणी घालायची ती माझ्या विहिणीकडं. आला की बिचारा, पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसला, घामाघूम. मी पेढा तोंडात टाकला आणि हो म्हटलं.

आमच्यात विधवेचा पाट लागतो, त्यात वावगं काही नाही. पण तो अंधारात लागायचा. मांडव नाही, वाजंत्री नाही, आणि सवाष्णींनी तिकडं फिरकायचं नाही. हे ऐकलं आणि ती पुन्हा पानावरून उठली. "चोरी केलीया व्हय मी? दिसा लावा, आन माजी विहीण शेजारी उभी पायजे." फिटर म्हणाला, मला चालतंय. पण दोन्हीकडची वडीलधारी माणसं ऐकेनात. मी तिला किती विनवलं. म्हटलं, एका रात्रीचं तर आहे गं, पुढं जन्मभराची सोबत मिळेल. ती म्हणाली, "आपल्या बाहुल्याचं लगीन भर दुपारी लागलं, विहीणबाई. मी काय चिंध्यांपरीस हलकी हाय?"

तो एकदा शेवटचा येऊन गेला. तिनं चहा केला, टांग्यापर्यंत पोचवायला गेली. तो नुसताच उभा राहिला तेव्हा तीच म्हणाली, "बसा आता. गाडी चुकंल." पुढं त्यानं दुसरीशी पाट लावला असं कानावर आलं.

त्या दिवाळीला ती डबा घेऊन आली. सगळं नेहमीसारखं झालं. उठताना मात्र म्हणाली, "विहीणबाई, सून धाडा आता."

"आणि मानाचं लुगडं?" मी हसत विचारलं.

"ऱ्हाऊ द्या. पोरगा एकलाच असतोय खोलीत. एकलं बरं न्हाय."

मी बाहुलीची ओटी भरली. तिनं दोघांना डब्यात शेजारी शेजारी निजवलं आणि डब्याला झाकण न लावता तशीच हळूहळू चालत गेली.

पुढं ती वारली, तेव्हा गिरणीतल्या बायांनी तो डबा माझ्याकडं आणून दिला. दोघं त्यातच होती. आता तुझे काकाही नाहीत. विहीणबाई म्हणून हाक मारणारं कुणी राहिलं नाही, तरी पाडव्याला मी पाट मांडते, ताट वाढते आणि अन्न टाकू नये म्हणून एकटीच बसून जेवते. तुझी गाडीची वेळ झाली असेल, नीघ. पण दिवाळीला ये गं. माझ्यासाठी यायला जमत नसलं, तर जावयाला भेटायला आले म्हण. पण ये.