ज्वारी निवू द्या

कुणाच्याही अंगणात ज्वारी वाळत दिसली की मावशी चालता चालता एक दाणा उचलायच्या, दाताखाली धरायच्या आणि मान कलती करायच्या. कट्‌ आवाज आला तर पुढे. नाही आला तर घरच्या बाईला हाक, "आजून दोन उन्हं दे, बाई." असं एखादं माणूस तुमच्याही गावात असेल. तोंडात मोजून पाच दात, पण त्यांची परीक्षा आख्ख्या गावाला द्यावी लागे. चेअरमनच्या घरची ज्वारीही त्यांनी दोनदा नापास केली होती.

सलग दुसरा दुष्काळ पडला तेव्हा आमच्या सोसायटीने घरोघरचं थोडं थोडं बियाणं गोळा करून गोदामात ठेवायचं ठरवलं. मी सोसायटीचा सेक्रेटरी. कोठ्यांत किडीची पावडर टाकू, असं मी म्हणालो. मावशी हसल्या.

"सायेब, पाऊस न्हाई आला तर हेच दळून खावं लागंल. त्यात इख कावून घालता?"

राखण त्यांच्याकडेच गेली. ऊन, चाळलेली राख आणि वाळवलेला कडुलिंबाचा पाला, एवढंच त्यांचं औषध. अट एकच, उन्हातली ज्वारी सावलीत निवल्याशिवाय कोठीत भरायची नाही. गरम दाण्याला आत घाम सुटतो आणि त्या ओलीवर सोंडकिडे वाढतात.

भरायच्या दिवशी नेमका टँकर आला. घागरी घेऊन निघताना त्या म्हणाल्या, "मी येते तवर निवू द्या." मला मेव्हण्याच्या साखरपुड्याला घाटनांदूरला जायचं होतं आणि तीनची एसटी होती. दाणे हाताला चटका देत होते. मी एकट्यानेच घमेल्याने तिन्ही कोठ्या भरल्या, राख-पाला घातला, झाकणं शेणामातीने लिंपली. कुणी पाहिलं नाही. साखरपुड्याचं जेवण छान होतं, आणि ते अजून आठवतं याचीही मला लाज वाटते.

पेरणीच्या तोंडावर कोठ्या उघडल्या तर निम्मी ज्वारी पोखरलेली, वर पिठाचा थर. गाव जमलं. चेअरमन चिडले, "म्हातारीच्या पाल्यावर इसंबून राहिलो आमी."

मावशींनी मूठभर ज्वारी नाकाशी धरली आणि माझ्याकडे वळल्या. "सायेब, निवल्यावर भरलती ना?"

"हो," मी म्हणालो.

"मंग माझाच पाला कमी पडला," त्या लोकांना म्हणाल्या. "सायेब खोटं कावून बोलतील?"

मी कोठीतलं पीठ झाडायला वाकलो.

पुढचे चार दिवस त्या गोदामात सूप घेऊन बसल्या आणि चांगला दाणा निवडून गावाची पेरणी निभावली. वाटप झालं तेव्हा स्वतःचा वाटा मात्र घेईनात. "माझ्या हातानं नासलं. कोन्त्या तोंडानं घेऊ?" त्यांचं दीड एकर रान त्या वर्षी पडीक राहिलं. दसऱ्यानंतर त्या लेकाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला गेल्या आणि तिकडेच वारल्या.

त्यांचा तो वाटा कमिटीने त्याच वाटपात मला दिला, सेक्रेटरीने फार धावपळ केली म्हणून. मी तो घरी नेला आणि पेरला. सगळी ज्वारी उगवली.