निःशेष भाग जात नाही

चाळिशीत पीएचडी करणं म्हणजे आपल्या हातानं डोकेदुखी विकत घेणं. नांदेडच्या कॉलेजात तास घेऊन उरलेल्या वेळात मी ती चार वर्षं सांभाळली. विषय असा: आकड्यांची मोठी मॅट्रिक्स, म्हणजे आडव्या-उभ्या ओळींची चौकट, दोन त्रिकोणी मॅट्रिक्सच्या गुणाकारात फोडायची, पण दशांशातली जवळपासची उत्तरं चालणार नाहीत. सगळं पूर्णांकात. पायरीगणिक आकडे भलतेच फुगतात, कॉम्प्युटर रडकुंडीला येतो. म्हणून दर पायरीला एका ठरावीक संख्येनं भागून त्यांना आवरायचं. माझ्या गाइडनी, लातूरच्या सरांनी, त्याहून मोठी, आकडे आणखी लहान करणारी संख्या शोधली होती. तिनंही नेहमी निःशेष भाग जातो, अशी त्यांची सिद्धता होती. माझा सगळा प्रबंध तिच्यावर उभा होता.

प्रबंध द्यायला आठ दिवस उरले असताना एका चार बाय चारच्या मॅट्रिक्सवर प्रोग्राम थांबला. बाकी एक. आधी प्रोग्रामला शिव्या घातल्या. मग लातूरच्या एसटीत मांडीवर वही घेऊन तेच हातानं केलं. अहमदपूर येईपर्यंत पुन्हा बाकी एक. शेजारची बाई म्हणाली, "परीक्षा हाय का?" मी हो म्हणाले.

सरांना दोन महिन्यांपूर्वी अर्धांगवायू झाला होता. वाचा गेली होती, समज शाबूत होती. त्यांच्या बायकोनं, काकूंनी, मला पलंगाशी बसवलं. "समदं कळतंय त्यांना. एक बोट म्हंजे व्हय, दोन म्हंजे न्हाई."

प्रबंधावर त्यांची डाव्या हाताची सही घेऊन गुपचूप निघावं असंही मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण वही समोर धरली. त्यांचं डावं बोट ओळीओळीनं सरकत शेवटच्या भागाकारावर थांबलं.

"माझं कुठं चुकलंय का सर?"

दोन बोटं.

"म्हणजे सिद्धताच चुकली?"

त्यांचं बोट पुन्हा पहिल्या ओळीपासून सरकत खाली आलं. मग एक बोट.

काकूंनी पदरानं त्यांचे डोळे पुसले. "औषधानं पाणी येतंय," म्हणाल्या. मला रडू येत होतं आणि रागही, कुणावर ते कळेना.

"मग मी आता काय करू सर?"

त्यांनी हात उचलला. एक बोट वर केलं, मग दुसरं, मग पुन्हा एकच ठेवलं, आणि माझ्याकडे बघत राहिले. हो, नाही, हो; प्रबंध द्यायचा की नाही, ते आता मीच ठरवायचं होतं.