गडावरचा पापड

ही गोष्ट मी इतकी वर्षं उलटीच सांगत आलो. मलंगगडावर एका शेठला चक्कर आली आणि मी त्याला सांभाळून खाली आणलं, असं अख्ख्या अंबरनाथला सांगितलं. चक्कर मला आली होती.

तो जाडा सिंधी गृहस्थ पापडाचा डबा घेऊन चढत होता. "शेठ, वर दुकान टाकताय काय?" मी हसलो. त्याला वरून आपलं उल्हासनगर बघायचं होतं. माथा जवळ आला आणि मी कोसळलो. सिंध्यांच्या घरी पाहुण्याला देतात तसं त्याने मला पापड आणि पाणी दिलं.

"पहले खाओ काका. गड कुठे पळतोय?" म्हणत तो माझ्यासोबत माघारी उतरला.

आज खरं सांगून हलकं वाटतंय. फक्त त्याला म्हणता आलं नाही: शेठ, माझ्यामुळे तुमचं उल्हासनगर बघायचं राहिलं. माफ करा.