सरांचं घोरणं

काल हारातल्या झेंडूचा वास आला आणि पाहुण्यांना झेंडूचे हार घालणारी मंद्रूपची आमची शाळा आठवली. नववीत मी शाळेच्या बातम्यांचा ब्लॉग सुरू केला होता. पहिल्याच बातमीत लिहिलं, ‘पाहुण्यांच्या भाषणात मुख्याध्यापक घोरत होते.’

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. आता ब्लॉग बंद होणार, असं वाटलं.

“मी डोळे मिटून ऐकत होतो,” सर म्हणाले.

“पण सर, आवाज लई येत होता की.”

सरांनी हळूच विचारलं, “किती जणांनी वाचलं?”

“सात वेळा उघडलाय, सर.”

“सहा वेळा मीच उघडला. सातव्यांदा आमच्या सौभाग्यवतींनी. म्हणाल्या, पोरगी खरं लिहितीय. तू चालू ठेव.”

तेव्हा मी सुटले म्हणून पळाले. सहा वेळा वाचणारा वाचक मला पुन्हा मिळाला नाही.