शनिवारी भेटते

सुवार्ताताईंच्या व्हरांड्यात वेताच्या दोन खुर्च्या होत्या, सहा वर्षं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. कुणी त्यांच्यावर टेकायला गेलं की ताई आतून स्टूल आणून द्यायच्या. "त्या आमच्या दोघांच्या आहेत," म्हणायच्या. "प्रणालीचे पप्पा रिटायर झाले का फाडीन प्लास्टिक. मंग पाह्यजो, कोण उठवते मले."

अमरावतीत आम्ही एकाच गल्लीत राहतो आणि एकाच चर्चमध्ये जातो. ताई खासगी दवाखान्यात नर्स. त्यांचे यजमान गजेंद्र खंडारे, आमचे गजेंद्रभाऊ, अकोल्याच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक. लग्न झालं तेव्हा वाटलं होतं, वर्षा-दोन वर्षांत एकाला तरी दुसऱ्याच्या गावात नोकरी लागेल. लागली नाही. सव्वीस वर्षं भाऊ अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका खोलीत राहिले. शनिवारी शाळा सुटली की निघायचे, संध्याकाळी बडनेऱ्याला उतरायचे आणि सोमवारी उजाडायच्या आत परत. एकुलती प्रणाली वाढली, शिकली, हैदराबादला गेली. आईबाप शनिवारी भेटतच राहिले.

राहता राहिला रविवार, तर तो चर्चचा. सकाळी उपासनेत पेटीवर भाऊ, उपदेशानंतरची प्रार्थनाही त्यांचीच. दुपारी ताईंचं महिला मंडळ, भाऊंच्या आजाऱ्यांच्या भेटी, संध्याकाळी कुणाच्या तरी घरी भजन. आम्हाला तर हे जोडपं आदर्श वाटायचं. लग्न ठरलेल्या प्रत्येक मुलामुलीला पाळकसाहेब तीन रविवार त्यांच्याकडे पाठवायचे, संसार कसा करावा ते ऐकायला.

मागच्या जानेवारीत कुंदन आणि रूपाली आले. मी चहाला मदत करायला गेले होते. भाऊ नेहमीसारखे शांत आवाजात बोलत होते. वेळ ही देवाने दोघांना मिळून दिलेली वस्तू आहे, एकट्याने वापरायची नाही. दिवसातून अर्धा तास समोरासमोर बसा. मग भले काही बोलू नका.

रूपाली जरा फटकळ. तिनं विचारलं, "काका, तुमी दोघं शेवटचे कुठी फिराले गेलते?"

"चिखलदऱ्याले," भाऊ म्हणाले. "आत्ताच, दिवाळीत. प्रणाली घोड्यावर बसाले लय रडली."

ताई हसल्या. "अहो, चोवीस वर्षाची झाली ते. आता घोडा रडन."

आम्ही सगळे हसलो. भाऊही हसले, पण थोडे मागाहून, आमच्या तोंडांकडे पाहून. मग त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "वेळ ही देवाने दोघांना मिळून दिलेली वस्तू आहे." तिथून सगळं पुन्हा सांगितलं. शब्दन् शब्द तेच, थांबायच्या जागासुद्धा त्याच.

स्वयंपाकघरात मी म्हटलं, "ताई, भाऊंनी दोनदा सांगितलं."

"जोर देऊन सांगतात ते," ताई म्हणाल्या आणि कपबशा धुवायला लागल्या. कपबशा मी आधीच धुऊन ठेवल्या होत्या.

त्यानंतर मी भाऊंकडे लक्ष ठेवायला लागले. दर शनिवारी ते अकोल्याहून ताईंसाठी चिवड्याचं पाकीट आणायचे. आता एका शनिवारी तीन पाकिटं निघाली, तिन्ही एकाच दुकानाची, तीन वेगवेगळ्या पिशव्यांत. दुसऱ्या शनिवारी ते आमच्याच फाटकाशी उभे राहून कडी शोधत होते. मात्र रविवारी त्यांच्यात काही म्हणता काही खोट नसायची. पुस्तक न उघडता सगळी भजनं वाजवायचे. प्रार्थना तर झऱ्यासारखी. मला मोठं आश्चर्य वाटायचं, आणि मग एकदा उपासनेतच बसल्या बसल्या लक्षात आलं. हे सगळं त्यांना पाठ होतं. सव्वीस वर्षांचा रविवार पाठ होता. ताईंना त्यांचे जे दोन दिवस मिळत होते, त्यांत भाऊंना नवीन असं काही करावंच लागत नव्हतं. मग ताईंना कळावं तरी कसं?

फेब्रुवारीत एका बुधवारी खोलीचे मालक रामराव यांचा ताईंना फोन आला. ताई नुकत्याच ड्यूटीवरून आल्या होत्या, मी तिथेच होते.

"बाई, सर मोर्णेच्या पुलावर उभे हायत दुपारपासून. म्या म्हटलं, घरी चाला. तर म्हणते, कोणतं घर? मंग हाताले धरून आणलं. तुमी येऊन जा बरं."

मिळाली ती बस धरून आम्ही दोघी गेलो. पोचलो तर भाऊ कॉटवर बसले होते, केस नीट विंचरलेले. "काही नाही गं," म्हणाले, "पुलावर हवा खात होतो."

ताई ते ऐकत नव्हत्या. त्या भिंतीकडे पाहत होत्या.

शाळेत बाटल्यांना चिठ्ठ्या लावायचं काम भाऊंनी जन्मभर केलं. तसल्याच पांढऱ्या चिठ्ठ्या, तेच टपोरं अक्षर, खोलीभर होतं. डब्यांवर साखर, मीठ, चहा. शेगडीवर, बंद केली का पाहणे. दाराच्या आतून, किल्ली खिशात, शाळा डावीकडे. कोपऱ्यातल्या वाजवायच्या पेटीवर कसलीच चिठ्ठी नव्हती. आणि खिळ्याला टांगलेल्या लग्नाच्या फोटोच्या चौकटीवर, खाली: सुवार्ता. बायको. शनिवारी भेटते.

ताई कॉटवर त्यांच्या शेजारी बसल्या. विचारलं, "कधीपासून?"

"दिवाळीपासून असन. त्याच्या आंधीपासूनही असन."

"मले काहून नाही सांगितलं?"

"सांगत होतो नं. दोनदा आलो तुयापाशी. तू म्हणाली, सभा झाल्यावर बोलू." भाऊ किंचित हसले. "मंग सभा झाल्यावर मीच विसरलो."

ताईंनी त्यांचा हात हातात घेतला. मी रामरावांकडे पाणी मागायला बाहेर गेले. तहान मला लागली नव्हती.

नागपूरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, आजाराचं नाव सांगितलं. ताई नर्स, नाव त्यांना पुलाच्या फोनपासूनच ठाऊक होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "मला कधीपर्यंत ओळखतील?" डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येत नाही. वर्ष, फार तर दीड. नवं आधी पुसलं जातं, जुनं टिकतं. ताई मला म्हणाल्या, "पौर्णिमा, आमच्यात नवं काय नि जुनं काय? सगळे शनिवारच."

महिना भरायच्या आत त्यांनी नोकरी सोडली, भाऊंनाही शाळेतून सोडवून आणलं. भाऊंचं सामान दोन खोक्यांत आलं, फोटो चिठ्ठीसकट. पाळकसाहेब भेटायला आले, प्रार्थना केली, आणि उठता उठता म्हणाले, "ताई, एप्रिलमध्ये एक लग्न आहे. भाऊंना नसेल जमत, तर तुम्ही एकट्या त्या दोघांशी बोलाल का? तुमच्यासारखं कोण शिकवणार?"

"आमी जे शिकवलं, ते आमी केलंच नाही, पाळकसाहेब."

"असं कसं? आयुष्यभर सेवा केली तुम्ही."

"केली. रविवारी उपासनेले येऊ आमी. शेवटचा आशीर्वाद झाला का घरी. महिला मंडळाच्या कपाटाची चावी ही घ्या."

पाळकसाहेब चावी घेऊन निघाले. वाईट त्यांनाही वाटलं असावं, कारण फाटकापर्यंत गेले आणि परत येऊन त्यांनी भाऊंचे दोन्ही हात हातात घेतले.

त्याच दुपारी ताईंनी खुर्च्यांवरचं प्लास्टिक काढलं. ते इतकं चिकटलं होतं की तुकड्या-तुकड्यांनी निघालं, वेताच्या फटींत काही राहिलंच.

मग रोज चार वाजता दोघं तिथे बसायला लागले. ताईंनी विचारावं, भाऊंनी सांगावं. अंजनगावचा वडलांचा पानमळा, त्या मळ्यातल्या सापाची भीती. ताईंना यातलं काही ठाऊक नव्हतं. एकदा भाऊंनी विचारलं, "चिवडा आवडते नं तुले?" लग्नानंतर पहिल्या शनिवारी त्यांनी आणला, ताई चांगला आहे म्हणाल्या, म्हणून ते आणत राहिले. ताईंनी खरं सांगितलं की त्यांना त्यातले शेंगदाणे बाधतात. सव्वीस वर्षं तो चिवडा आमच्या घरी खाल्ला जात होता. भाऊ डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले, ताईही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तेच विचारलं. ताईंनी पुन्हा तेच सांगितलं आणि दोघं पुन्हा हसले.

पावसाळा संपेपर्यंत असं चाललं. मग दाराशी बॅग दिसायला लागली. भाऊ दुपारी बॅग भरायचे: दोन सदरे, दाढीचं सामान, टॉवेल. सोमवार आहे म्हणायचे. ताई ती निमूटपणे रिकामी करायच्या. काही दिवसांनी त्यांनी फाटकाला कुलूप घातलं.

गेल्या बुधवारी मी वाटीभर खीर घेऊन गेले. दिवेलागण होत होती. दोघं खुर्च्यांवर होते, बॅग भाऊंच्या पायाशी. मला त्यांनी बरोबर ओळखलं, "या पौर्णिमाताई," म्हणाले. मग ताईंकडे वळले आणि अगदी आदबीनं बोलले, "बाई, अंधार पडून राहिला. तुमाले दूर जायचं असन."

मी खिरीची वाटी खाली ठेवली.

ताईंनी पदर सावरला. "नाही जी," म्हणाल्या. "मी इथंच राहते."

"असं का?" भाऊ म्हणाले. थोडा विचार केला. "आज कोणता वार हाय?"

"शनिवार," ताई म्हणाल्या.

भाऊंनी पायानं बॅग खुर्चीखाली सरकवली आणि मागे टेकून बसले.